पाच घरांची चाखीण

“गोड म्हणायला तुझं काय जातं गं, ताई?”

“जातं ते माझंच जातं. तुझं काय, तू जन्मल्यापासून सगळ्याला गोडच म्हणत आलायस.”

“विषय बदलू नकोस. बारा पाहुणे मोबाइल धरून उभे, आणि तू तोंडात पाणी धरून पुतळ्यासारखी! एका मुलीनं हळूच विचारलं मला, ‘यांना बरं नाहीये का?’”

“मग काय सांगितलंस?”

“म्हटलं, समाधी लागलीय.”

“वा! आता समाधीपण विकायला काढ.”

“मग काय सांगू? परवाच्या बोटीनं बावीस जण येतायत. बावीस! चार नव्या बाथरूम पहिल्यांदा वापरात येणार. मला पंप सहा तास लागणार, आणि तू आज धड एक शब्द बोलली नाहीस. पुटपुटलीस काहीतरी.”

“गोडच म्हणाले.”

“असं म्हणतात? डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणताना खिडकीबाहेर बघायला लागला की नातेवाइकांचं जे होतं ना, ते झालं माझं.”

“चार तास चालव.”

“सहा.”

“चार म्हणजे चार. आणि खरं तर...”

“खरं तर काय?”

“काही नाही. तुझे टोस्ट जळतायत.”

टोस्ट खरोखरच जळत होते. तिचा धाकटा भाऊ तव्याकडे धावला. भांडण चाललं होतं ते दबक्या आवाजात, कारण जाळीच्या दारापलीकडे व्हरांड्यात पाहुणे नाश्त्याला बसले होते. दबक्या आवाजातलं भांडण माणसाला फार दमवतं. ओरडायला मिळालं तर राग निदान लवकर संपतो.

ताई ओट्याशी उभी होती. हातातला स्टीलचा पेला ती पदरानं पुसत होती. मघापासून तिनं तो पाच वेळा तरी पुसला असेल. “खरं तर”च्या पुढचं वाक्य तिनं धाकट्याला सांगितलं नव्हतं. खरं तर, सकाळी तिनं विहिरीचं पाणी जिभेखाली धरलं, सवयीप्रमाणे दहा आकडे मोजले, मग वीस मोजले, मग साठ मोजले, आणि पाणी तिच्याशी एक अक्षर बोललं नाही.

एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हे बेट म्हणजे समुद्रात पडलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला पाऊण तास लागतो, तोही वाटेत कुणी गप्पांना अडवलं तर. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. मग लोक पितात काय? येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारतो आणि धाकटा खूश होतो, कारण उत्तर त्याला तोंडपाठ आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत खाली जातं. खाली समुद्राचं खारं पाणी असतंच. गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. विहीर खणायची ती त्या सायीपुरती. हावरटासारखी खोल खणली, किंवा पंप लावून भसाभसा उपसा केला, की खालचं खारं वर चढतं. आणि एकदा चढलं की दोन-दोन पावसाळे उतरत नाही.

ती विहीर ताईच्या बापानं खणलेली. दोन पुरुष खोल, बस्स. बेटावरची पाच गेस्ट हाउसं त्या एका विहिरीवर जगतात. पाच घरांचे पाच पंप, पण हुकूम एकाच जिभेचा. बाप रोज पहाटे पाणी चाखायचा आणि पाच दारांवर जाऊन एक शब्द सांगायचा. ‘गोड’ म्हटलं तर पंप चार तास. ‘मचूळ’ म्हटलं तर एक तास. ‘खारट’ म्हटलं तर पंप बंद, आणि बोटीनं पाण्याचे कॅन.

हे काम मुलाकडे जावं असं बापाच्या फार मनात होतं. त्यानं पाच वर्षांच्या धाकट्यापुढे तीन वाट्या ठेवल्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत विहिरीचं, तिसरीत चक्क समुद्राचं. धाकट्यानं तिन्ही संपवल्या, तिसरीनंतर डोळ्यांतून पाणी काढलं आणि बापाचा चेहरा बघून म्हणाला, “गोड!” त्याच दिवशी ठरलं की हा पोरगा पुढे हॉटेल काढणार. नऊ वर्षांच्या ताईनं मात्र तिसरी वाटी थुंकली, दुसरी परत चाखली आणि विचारलं, “बाबा, काल कुणी पंप जास्त चालवला?” बाप हसला नाही. त्यानं तिला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं, आणि त्यानंतर ती पुन्हा कधी उशिरा उठली नाही.

अठराव्या वर्षी बापाचं काम तिच्याकडे आलं आणि लोक तिला चाखीण म्हणू लागले. ती लग्न होऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली तरी पहाटे चालत विहिरीवर यायची. नवरा बोटीवर कामाला होता. तो चिडवायचा, “माझ्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवू नकोस हां, तुझ्या जिभेनं म्हटलं की ते कोर्टात धरलं जाईल.” तो गेला, तेव्हा ती धाकट्याच्या गेस्ट हाउसमागच्या खोलीत राहायला आली. बारा दिवसांचा अपवाद सोडला तर चाखणं चुकलं नाही. एकतीस वर्षांत तिनं ‘खारट’ दोनदाच म्हटलं. दुसऱ्या वेळी चौथ्या घराच्या दाढीवाल्या मालकानं ऐकलं नाही, गुपचूप पंप चालवला. चौदा महिने विहीर बिघडली. पपयांची झाडं उभ्या-उभ्या वाळली, तीन कुटुंबं बेट सोडून गेली ती आलीच नाहीत. तेव्हापासून दाढीवाला तिला रस्त्यात भेटला तरी चपला काढून बाजूला उभा राहतो.

खारेपणा मोजायचं मीटर नव्हतं का? होतं ना. पाचही घरांनी मिळून आणलं होतं. दोन वर्षांत खाऱ्या हवेनं त्याचाच घसा बसला. नवीन आणू म्हटलं तर धाकटा म्हणाला, “पाहुणे काय मीटरचा व्हिडिओ काढणार आहेत?” कारण तोवर ताई बेटाचं आकर्षण झाली होती. व्हरांड्यात धाकट्यानं स्वतःच्या अक्षरात एक फळा लावलाय: ‘आपल्या बेटाच्या गमती’. त्यात लिहिलंय की तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर लोळता ती बरीचशी पोपटमाशानं प्रवाळ खाऊन, पोटात दळून, मागून सोडलेली आहे. (हे वाचून दर आठवड्याला एक तरी बाई वाळूवरून ताडकन उठते.) शंखातले खेकडे मोठं घर मिळालं की उंचीप्रमाणे रांग लावतात आणि एकाचं सोडलेलं घर दुसरा घेतो. वारा फिरला की आपला किनारासुद्धा जागा बदलतो, वाळू या बाजूची त्या बाजूला जाते. आणि सगळ्यांच्या वर, लाल खडूनं: ‘इथे एक बाई रोज पहाटे विहीर चाखते.’

फळ्यावर चार महिन्यांपूर्वी आणखी एक गंमत आली होती: ‘आमचा चहा पावसाच्या पाण्याचा.’ तिथून सगळं सुरू झालं.

चाखणाऱ्याचा एक नियम असतो, आणि तो बापानं तिला वाट्यांच्याही आधी शिकवला होता. विहिरीचं पाणी चाखायचं, प्यायचं नाही. पिण्यासाठी, चूळ भरायला, भाताला, सगळ्याला पावसाचं पाणी. जीभ मोठी लबाड. रोज जे मिळतं त्यालाच ती गोड म्हणायला लागते. विहिरीचं पाणी पिणाऱ्या माणसाला विहीर कधी बिघडली ते कळत नाही, कारण तो तिच्याबरोबरच बिघडत जातो. म्हणून ताईच्या खोलीमागे सिमेंटची एक टाकी होती, फक्त तिची.

धाकट्याची टाकी नव्या बाथरूमच्या बांधकामात फुटली. तो बादली घेऊन आला. “ताई, चहापुरतं. दोन बादल्या.” दोन बादल्या रोजच्या झाल्या. पाहुणे चहाचे फोटो काढू लागले. टाकीचं पाणी उतरत उतरत पाव टाकीवर आलं. पाऊस अजून लांब होता. एका दुपारी ताईनं टाकीत डोकावून हिशेब केला: एक तर पाहुण्यांचा चहा, नाही तर मी. आणि ती विहिरीवरून कळशी भरून घेऊन आली. थोडेच दिवस, असं म्हणाली स्वतःशी. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले होते. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? घरचं माणूस अडचणीत आहे, आपण जरा पाणी बदललं. एवढंच.

त्या दिवशी नाश्ता आटोपला, पाहुणे मासे बघायला बोटीनं गेले, आणि ताईला काही केल्या बसवेना. ती खोलीत गेली, बाहेर आली. कपडे वाळत घातले, वाळले नव्हते तरी काढले. स्वतःचं मनगट चाटून बघितलं. घाम खारट लागायला हवा. लागला की नाही, सांगता येईना. मग तिनं भाचीला गाठलं.

धाकट्याची मुलगी रिसेप्शनवर बसते. तेवीस वर्षांची. सगळे तिला रेडिओ म्हणतात, कारण ती बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नाही.

“रेडिओ, चार पेले घे. चहाच्या पिंपातलं पावसाचं पाणी घे, विहिरीचं घे, आणि तुला वाटेल तसं भर. मला दाखवू नकोस.”

“जादूचा खेळ करायचाय का, आत्या? पाहुण्यांसाठी? मी सांगू, आपण डोळ्यांना पट्टी बांधू, मागे संगीत लावू...”

“भर आधी.”

रेडिओनं पेले भरले. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. पहिला पेला.

“गोड.”

दुसरा. “हाही गोड.”

तिसरा तिनं तोंडात घेतला आणि लगेच थुंकला. “हे कसलं? कसंतरीच आहे. कडसर. पिंप घासलं नाही का कुणी?”

“चौथा?”

“गोड.” ताई वळली. “सांग.”

रेडिओ चक्क गप्प होती.

“सांग ना गं.”

“पहिले दोन विहिरीचे, आत्या. चौथ्यात मी विहिरीच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं होतं. गंमत म्हणून.”

“आणि तिसरा?”

“तिसरा पावसाचा होता.”

ताई पाटावर बसली. पेला तिनं मांडीवर ठेवला.

“सर्दी झाली असेल तुला,” रेडिओ घाईघाईनं म्हणाली. “मला सर्दी झाली की मला तर आंबा आणि बटाटा सारखाच लागतो. वाफ घेऊ या? किंवा जीभ भाजली असेल चहानं. किंवा वय... नाही, वय नाही, मी तसं म्हणत नव्हते...”

“तुला कसं लागतं गं विहिरीचं?”

“मला काय, मी लहानपणापासून तेच पिते. मला पाण्यासारखं लागतं.” मग रेडिओचा चेहरा बदलला. “आत्या, तू हल्ली कुठलं पाणी पितेस?”

ताईनं मांडीवरचा पेला पदरानं पुसायला घेतला.

“आत्या! टाकीत तर... अगं, बाबांना माहीत आहे?”

“बादल्या नेणाऱ्याला काय सांगायचं?”

“मग आता सांग. आत्ता सांग. मी सांगू?”

“तू नाही सांगायचं. आजचा दिवस बंद राहा. जमेल?”

“जमेल,” रेडिओ म्हणाली, आणि तिला ते किती जड जाणार होतं ते दोघींनाही दिसत होतं.

उन्हं कलली तशी ताई पाचव्या घरामागे गेली. तिथे पपयांची रांग आहे. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, कागद जरासा जळावा तशा. आता, वाऱ्यानंही होतात. कमी पाण्यानंही होतात. तिनं एक पान तोडून उलटंपालटं केलं आणि तिथेच टाकलं. पुढच्या झाडाचं तोडलं. पाचव्या घराची मालकीण मागच्या दारातून ओरडली, “काय गं चाखीण, आता पानंही चाखतेस का?” ताई हसली आणि पुढे सरकली. तिला सारखं कुठेतरी जायचं होतं आणि कुठेच पोचायचं नव्हतं.

डोक्यात एकच घरघर चालली होती. उद्या ‘गोड’ म्हटलं, आणि खरंच गोड असलं, तर काही बिघडलं नाही. ‘गोड’ म्हटलं आणि नसलं, तर बावीस माणसांच्या आंघोळींनी ती विहीर चौदा महिन्यांसाठी नव्हे, कायमचीही जाईल. मग ‘खारट’ म्हणावं? पण तेही न कळता म्हणायचं? नुसत्या भीतीनं? पाच घरं बोटी रद्द करतील, आणि विहीर ठणठणीत निघाली तर पुन्हा तिचा शब्द कोण झेलेल? आणि समजा ती खरं बोलली, मला कळतच नाही म्हणाली, तर? तर ती कोण उरली? धाकट्याच्या मागच्या खोलीत राहणारी बहीण. बस्स. हे वाक्य मनात आलं आणि ती उगाचच चालायला लागली, धक्क्यापर्यंत गेली, तिथून परत आली.

धक्क्यावर त्या संध्याकाळची बोट लागत होती. धाकटा दोन पाहुण्यांच्या बॅगा उचलत होता: डोक्यावर भली मोठी टोपी घातलेल्या एक निवृत्त बाई, आणि त्यांच्यामागे छत्री धरून चालणारे त्यांचे यजमान. “या, या!” धाकट्याचा आवाज पार किनाऱ्यावर पोचला. “उद्या पहाटे उठायचं हं. जगात कुठे बघायला मिळणार नाही असं काहीतरी दाखवतो!”

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायला लागलं तेव्हा विहिरीभोवती चौदा पाहुणे जमले होते. मोबाइल वर. टोपीवाल्या बाई सगळ्यांत पुढे. धाकटा विहिरीच्या कठड्यावर उभा राहून बोलत होता, आणि तो चांगला बोलतो, हे मान्य करायला हवं.

“मंडळी, तुमच्या पायाखाली समुद्र आहे आणि त्या समुद्रावर गोडं पाणी तरंगतंय. किती उरलंय, हे कुठलं यंत्र सांगत नाही. हे सांगते आमची ताई. सगळे शांत राहा. ताई...”

ताईनं पोहरा सोडला. वर ओढला. पेला भरला. तो ओठांपर्यंत नेला. विहिरीशेजारी रेडिओ उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

ताईनं पेला खाली घेतला आणि तो टोपीवाल्या बाईंपुढे धरला.

“काल आलात ना?”

“अं? हो, काल संध्याकाळी.”

“इथलं पाणी प्यायलात?”

“छे हो, आम्ही बाटल्याच आणल्यात. यांचं पोट नाजूक आहे.”

“माझं कशाला मध्ये?” यजमान मागून म्हणाले.

“मग तुम्ही चाखा,” ताई म्हणाली. “नुसतं जिभेखाली धरा. आणि थुंका. लाजू नका.”

“ताई, हे काय...” धाकटा कठड्यावरून उतरला.

बाईंनी संकोचत घोट घेतला. टोपीच्या सावलीत त्यांचं तोंड आधी आक्रसलं, मग त्यांनी मान वळवली आणि चांगली लांब पिचकारी टाकली.

“बाई गं! खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“खारट आहे हो. अगदी समुद्रासारखं नाही, पण खारट.”

“बघू,” यजमान पुढे आले. त्यांनी घोट घेतला, खाकरले. “हो. यात लिंबू पिळला की सरबत तयार.”

मग धाकट्यानं टाळी वाजवली. “शाबास! मंडळी, ही पाहुण्यांची परीक्षा होती! दर वर्षी एकदा घेतो आम्ही! चला, नाश्ता तयार आहे!” आणि पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना खरंच मजा आली होती. एका मुलानं तर दोनदा वाजवल्या.

स्वयंपाकघरात धाकट्यानं जाळीचं दार ओढून घेतलं. आज त्याला आवाज दबका ठेवणं जमत नव्हतं.

“चौदा माणसांसमोर! मला आधी सांगता येत नव्हतं?”

“काल सांगणार होते. टोस्ट जळले.”

“ताई, मस्करी नकोय. तुला कळलं नाही? तुला?”

“नाही कळलं. सहा आठवडे विहिरीचं पितेय मी. टाकी तळाला लागत आली होती. उरलेलं तुझ्या चहाला ठेवलं.”

धाकट्यानं टाकीच्या दिशेनं बघितलं. “मग एक शब्द बोलायचास! मी बादल्या घेतल्या असत्या का?”

“घेतल्या नसत्यास. मग तोंड पाडून बसला असतास. ते मला बघवत नाही, लहानपणापासून.”

धाकटा स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग, जमिनीकडे बघतच, म्हणाला, “पंधरा दिवसांपूर्वी दोघं-तिघं म्हणाले होते. दात घासताना पाणी विचित्र लागतं म्हणून.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. “आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तू रोज गोड म्हणत होतीस! तुझ्यापुढे मी पाहुण्यांवर विश्वास ठेवू? त्यांना सांगितलं, तुमच्या टूथपेस्टची चव आहे ती.”

हे ऐकून ताईला वाटलं, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ओट्याला टेकली. बाहेर कुणीतरी चहाची वाहवा करत होतं.

“पंप काढ,” ती म्हणाली. “आज. आत्ता.”

“काढतो. रविवारी. स्वतःच्या हातानं तार काढतो, शपथ. ताई, ऐक. उद्या ते बावीस जण येतायत. बोट निघालीये तिकडून. त्यांना काय सांगू, आंघोळ समुद्रात करा? दोनच दिवस. इथे सगळ्यांना तो खेळ वाटला. बाकीच्या चार घरांना काहीच माहीत नाही. ती तुझ्या शब्दाची वाट बघत बसलीत. जा आणि रोजच्यासारखं गोड म्हण. दोन दिवस.”

“पाच पंप, दोन दिवस. त्या विहिरीला?”

“मग खारट म्हण, म्हण ना!” धाकटा उठला. आता तो ओरडत होता, आणि व्हरांड्यातल्या बश्यांचा आवाज थांबला. “म्हण खारट! ते विचारतील, कधीपासून? काल तर गोड होतं? मग काय सांगशील? सहा आठवडे मी नुसतं तोंड हलवत होते? दाढीवाला काय करेल ठाऊक आहे ना? एकदा ऐकलं नाही म्हणून इतकी वर्षं मान खाली घालून जगलाय तो. तो नाचेल, ताई. बेटभर नाचेल. परत कुणी तुला दारात उभं करणार नाही. तुझ्याकडे दुसरं काय आहे? मी तुझ्यासाठी सांगतोय हे, माझ्या बाथरूमसाठी नाही!”

तो हे खरंच मनापासून म्हणत होता. हे ताईला कळत होतं. चव गेली तरी तेवढं कळत होतं. तिनं पेला ओट्यावर उपडा ठेवला. पदर खोचला. जाळीचं दार ढकलून ती व्हरांड्यात आली. पाहुणे घास हातात धरून बघत होते. ती टोपीवाल्या बाईंच्या खुर्चीपाशी थांबली.

“बाई, चपला घाला. चार घरांत जायचंय. तुमची जीभ लागेल.”

“आत्ता? माझा टोस्ट...” बाईंनी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि टोस्ट बशीत ठेवला. “चला. अहो, माझी टोपी धरा. नाही, नको, द्या इकडे.”

“मी पोहरा घेते,” रेडिओ म्हणाली आणि विहिरीकडे पळाली.

“ताई!” धाकटा दारात आला होता. हातात उगाचच उचललेला कालथा. “ताई, त्यांना काय सांगणार आहेस तू? तुझं काय झालं म्हणून सांगणार आहेस? निदान मला तरी सांगून जा. ताई!”

ताई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली, तिनं बाईंना हात दिला, आणि मागे न बघता ती दाढीवाल्याच्या घराकडे चालायला लागली.